नव्या घराची फरशी आणि ओट्यामागची भिंत : जास्तीचे पैसे कुठे घालायचे?

(घरखरेदीवरील सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

मागच्या वेळी आपण करारनामा आणि चटई क्षेत्र यांवर बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले त्यांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे होते. बुकिंग झालेलं असतं, स्लॅब वर चढत असतात, आणि एक दिवस बिल्डरच्या ऑफिसातून फोन येतो. "फरशी स्टँडर्ड ठेवायची की अपग्रेड? किचनच्या डाडोचं काय? पंधरा दिवसांत कळवा, नाहीतर स्टँडर्ड लावून टाकू." डाडो म्हणजे ओट्याच्या मागच्या भिंतीला लावतात त्या टाइल्स. साइटवर सगळे हाच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच वापरतो.

हा फोन येतो तेव्हा आपली परिस्थिती काय असते? घरभाडं चालू, कर्जाचा हप्ता सुरू झालेला, मुद्रांक शुल्क भरून हात रिकामे. आणि समोर सॅम्पल फ्लॅट. तिथे छतात इतके दिवे लावलेले असतात की साधी पांढरी टाइलसुद्धा आरशासारखी दिसते. अशा वेळी घेतलेला निर्णय पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्या पायाखाली असतो. त्यामुळे आज 'कोणती टाइल छान दिसते' हा विषय नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठरवाल. मला बोलायचंय ते हे की कुठला बदल आत्ताच, बांधकाम चालू असताना करून घ्यावा आणि कुठला नंतर सावकाश केला तरी चालतो. कसोटी एकच ठेवा : नंतर बदलायचं ठरवलं तर काय काय फोडावं लागेल?

या कसोटीवर घर लावून बघा. बेडरूमची फरशी नंतर बदलायची तर पलंग-कपाट हलवा, जुन्या टाइलवरच नवी लावा, चार दिवसांचं काम. हॉलची थोडी अवघड, पण होते. किचनच्या जमिनीवर मात्र ओट्याचे उभे कडप्पे उभे असतात, ट्रॉल्या बसलेल्या असतात, खालून सिंकची नळी गेलेली असते. तिथली फरशी उखडणं म्हणजे अर्धं किचन उखडणं. आणि बाथरूम! बाथरूमच्या टाइलखाली वॉटरप्रूफिंग आहे, त्यावर ब्रिकबॅट कोबा, त्यावर ढाळ देऊन टाइल. ती फोडली की गळती तुमच्या घरात नाही, खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या छतात दिसते. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं.

म्हणून माझा क्रम असा : बाथरूमची आणि किचनची जमीन, हे काही बदलायचं असेल तर आत्ताच आणि बिल्डरकडूनच. हॉल, भाव रास्त असेल तर आत्ता. बेडरूम, घाई नाही. डाडोचं गणित थोडं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो, कारण तिथे टाइलपेक्षा भिंतीच्या आतलं महत्त्वाचं आहे.

आधी पैशाचं बोलू. एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. टू बीएचके, बाथरूम आणि बाल्कनी सोडून फरशीचं क्षेत्र ५२० चौरस फूट. बिल्डर म्हणतो, दोन बाय दोनऐवजी दोन बाय चार फुटांची टाइल देतो, चौरस फुटाला १५० रुपये जास्त. म्हणजे ७८,००० रुपये. आता बाजारात जाऊन बघा. समजा बिल्डरची स्टँडर्ड टाइल ५० रुपये फूट आहे आणि तुम्हाला हवी ती ९५ रुपये. मोठ्या टाइलला तुकडे जास्त वाया जातात, म्हणून घट १० टक्के धरा, छोटीला ५ टक्के. ५७२ फूट गुणिले ९५, वजा ५४६ फूट गुणिले ५०, फरक येतो साधारण २७,००० रुपये. मोठी टाइल लावायची मजुरी आणि चिकटवायचा ॲडहेसिव्ह मिळून फुटाला ३५ रुपये जास्त धरले तर आणखी १८,०००. एकूण पंचेचाळीस हजारांच्या आसपास. वरचे बत्तीस-तेहेतीस हजार कशाचे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात त्याची देखरेख आहे, जबाबदारी आहे, नफा आहे. ते चूक नाही. पण पुष्कळदा असं असतं की नव्या टाइलची पूर्ण किंमत लावलेली असते आणि जी स्टँडर्ड टाइल तुमच्या घराच्या किमतीत आधीच धरलेली होती, तिची वजावट दिलेलीच नसते. म्हणून पहिला प्रश्न हाच : "स्टँडर्डचे किती वजा केलेत?"

दुसरं, हे पैसे कुठून येणार? करारनाम्याच्या किमतीत मिळवलेत तर बँक त्यावर कर्ज देऊ शकते, पण मग ती रक्कम जीएसटी आणि मुद्रांक शुल्काच्या हिशेबातही येते. आणि कर्जात बसवलेली फरशी स्वस्त वाटते ती फक्त हप्त्यात. ७८,००० रुपये साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी म्हणजे महिन्याला ६७७ रुपये. ऐकायला काहीच नाही. पण वीस वर्षांत भरता १ लाख ६२ हजार. दुपटीहून जास्त. वेगळ्या पावतीवर रोख भरणार असाल तर पावती नीट घ्या, 'एक्स्ट्रा वर्क' असं मोघम लिहिलेली नको.

आता फरशी. आपल्याकडे पूर्वी काय होतं? मुंबईत मोझॅकच्या लाद्या, इकडे शहाबादी, ओट्याला कडप्पा, वरच्या गच्चीवर चिनी मोझॅक. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, नावातच गाव आहे. आता नव्या इमारतीत जवळजवळ सरसकट व्हिट्रिफाइड टाइल असते आणि तिच्यातली फार मोठी संख्या गुजरातेतल्या मोरबीहून येते. कंपनीचं नाव काहीही असो, माल तिकडचा असू शकतो. त्यात कमीपणा काही नाही. मात्र नुसत्या ब्रँडच्या नावावर फुटाला चाळीस रुपये जास्त मोजताना हे लक्षात असू द्या.

व्हिट्रिफाइड म्हणजे काय? मातीत फेल्डस्पार वगैरे मिसळून इतक्या तापमानाला भाजतात की आतली छिद्रं जवळजवळ बंद होतात, काचेसारखं घट्ट अंग होतं. भारतीय मानक आयएस १५६२२ मध्ये टाइलचे गट ती किती पाणी पिते यावर केलेत. ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी पिणारी ती सगळ्यात घट्ट, तीच व्हिट्रिफाइड. दुसऱ्या टोकाला १० टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी, ती भिंतीची साधी सिरॅमिक. हा आकडा बॉक्सवरच्या गटावरून कळतो. दुकानदाराला सरळ विचारा.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. डबल चार्ज म्हणजे वरचा तीन-चार मिलिमीटरचा थर त्याच रंगाच्या मातीचा. घासली, झिजली तरी रंग तोच. नक्षी फारशी मिळत नाही, जरा नीरस दिसते. दुसरी जीव्हीटी, म्हणजे ग्लेझ्ड. हिच्यावर डिजिटल छपाई असते आणि वर काचेसारखा मुलामा. इटालियन मार्बल, लाकूड, सिमेंट, काय म्हणाल ते छापतात. दिसायला सुंदर. पण मुलामा पातळ असतो. कोपऱ्याचा टवका उडाला की आतलं वेगळ्या रंगाचं अंग दिसतं. आणि वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो हे विसरू नका. तळमजल्यावर, कोकणात, किंवा शेजारी बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी चपलेबरोबर वाळू येते आणि चकचकीत जीव्हीटीवर ओरखडे उठतात. अशा ठिकाणी अपग्रेड म्हणून जी महागडी चकचकीत टाइल सुचवतात, तिच्यापेक्षा स्टँडर्डमधली डबल चार्ज जास्त टिकेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हट्ट धरतो ती सांगतो. घसरण. घरात आई-वडील आहेत, गुडघे दुखतायत, किंवा दीड वर्षाचं मूल पळतंय, आणि आपण किचनमध्ये आरशासारखी टाइल लावतो. कोरडी असताना काही होत नाही. पण किचन कोरडं कधी असतं? डाळ धुतली, पाणी सांडलं, फोडणीचं तेल उडालं. पाणी आणि तेल एकत्र आलं की पॉलिश टाइल बर्फासारखी. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की त्याचा खर्च आणि त्रास कुठल्याही टाइलच्या किमतीत मोजता येत नाही. युरोपीय पद्धतीत घसरण्याचा दर्जा आर-९ ते आर-१३ असा देतात, आकडा मोठा तितकी पकड जास्त. किचनला आर-१० च्या आसपासची बारीक मॅट घ्या, बाथरूमला त्याहून पकड असलेली. आर-१३ घरात लावू नका, तो कारखान्याचा माल, पुसता पुसता फडकं फाटेल. (हशा)

दर्जा छापलेला नसेल तर सोपी परीक्षा आहे. नमुन्याची टाइल घरी आणा, बाथरूममध्ये ठेवा, वर पाणी आणि दोन थेंब तेल टाका, भिंतीला धरून अनवाणी पाय ठेवून बघा. सॅम्पल फ्लॅटमध्ये आपल्याला बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावतात, तिथे हे कळत नाही.

मॅट टाइल कळकट दिसते अशी तक्रार असते. खरखरीत मॅट होते कळकट, खरं आहे. बारीक पोताची, सॅटिन म्हणतात ती घ्या. आणि रंग मधला. दुधासारखी पांढरी फरशी घरात एक केस पडला तरी दाखवते. काळी फरशी धूळ दाखवते, आणि कडक पाण्याचे डाग त्याहून जास्त.

संगमरवराबद्दल थोडक्यात. मार्बल हा चुन्याचा दगड. शहाबादीही त्याच कुळातली. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, कुठलंही आंबट पडलं की पॉलिश खातं. आपल्या स्वयंपाकात यातलं काय रोज पडत नाही सांगा? देवघराशी तर कुंकू आणि तेल दोन्ही आत मुरतं. हॉलमध्ये लावायचा तर लावा, किचनमध्ये नको. आणि ताबा मिळाल्यावर आहे त्या फरशीवर मार्बल चढवू नका. वीस मिलिमीटरचा दगड आणि खाली पन्नास मिलिमीटरचा मसाला मिळून चौरस मीटरला १५० किलोच्या घरात वजन जातं. दीडशे फुटांच्या हॉलला दोन टन. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं-सामान यांचा भार मानकात धरतात तो चौरस मीटरला साधारण २०० किलो. म्हणजे केवढा मोठा वाटा आपण दगडातच घालवतो बघा. जुन्या टाइलवर नवी टाइल ॲडहेसिव्हने लावली तर तेच तीस किलोच्या आत राहतं.

लाकडी फरशीचा सध्या फार आग्रह असतो. लॅमिनेटचं आतलं अंग लाकडाच्या भुशाचं. आपल्याकडे रोज ओल्या फडक्यानं पुसायची पद्धत, आणि मुंबई-ठाण्याचा पावसाळा. सांध्यांच्या कडा फुगतात. हौस असेल तर बेडरूममध्ये, तीही एसपीसी प्रकारची, ती पाण्याला दाद देत नाही. आणि ती नंतर तुम्हीच लावून घ्या, स्टँडर्ड टाइलवर दोन दिवसांत बसते. बिल्डरला त्याचे पैसे द्यायचं कारण नाही.

टाइल कितीही भारी घेतली तरी ती कशी लावली यावर सगळं आहे. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही हे मघाशी सांगितलं. हाच तिचा गुण आणि हीच अडचण. साधी सिमेंटची घोळ सच्छिद्र टाइलमध्ये शिरून धरते, हिच्यात शिरतच नाही. म्हणून पॉलिमरचा ॲडहेसिव्ह लागतो, त्याचं मानक आयएस १५४७७. आणि तो दातेरी करणीने पूर्ण पसरवायला लागतो. काही मिस्त्री काय करतात, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच लाडू ठेवतात आणि टाइल दाबतात. वरून सपाट दिसते, खाली पोकळी. एक दिवस वरवंटा पडतो आणि टाइल फुटते. म्हणून तुमच्या अपग्रेडच्या यादीत टाइलच्या नावाआधी 'ॲडहेसिव्ह, पूर्ण पसरून' हे लिहून घ्या. माझ्या मते आत्ता पैसे घालण्याची ही पहिली जागा.

दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट हवी, आणि भिंतीशी स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी पाच-सहा मिलिमीटरची. "साहेब, एकदम जॉइंटलेस करून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. उन्हाने, थंडीने टाइल आणि स्लॅब वेगवेगळे हलतात. जागा नसेल तर एखाद्या रात्री धाडकन आवाज होतो आणि हॉलच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. लोक घाबरतात, भूकंप झाला म्हणून.

आता ओट्याकडे या. डाडोचं क्षेत्र किती असतं? एल आकाराचा ओटा, एक बाजू नऊ फूट, दुसरी पाच. चौदा फूट गुणिले दोन फूट उंची, अठ्ठावीस चौरस फूट. जमिनीच्या पाचशे वीस फुटांपुढे काहीच नाही. त्यामुळे चौरस फुटाचा भाव ऐकून दचकू नका आणि भुलूही नका. अठ्ठावीस फुटांची टाइल दोन दिवसांत बदलता येते. बदलता येत नाही ते तिच्या मागचं. मिक्सरचा प्लग कुठे, इंडक्शनसाठी सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आहे का, वॉटर प्युरिफायरला पाणी आणि वीज दोन्ही एकाच कोपऱ्यात आहेत का, चिमणीचा पॉइंट चिमणीच्या वर आहे की मागे. हे सगळं टाइल लागायच्या आधी भिंतीत जातं. बिल्डरच्या नकाशात किचनला तीन-चार पॉइंट असतात. आजच्या घरात सात-आठ लागतात. पैसे जास्तीचे द्यायचेच असतील तर आधी या पॉइंटांना द्या. जी व्यक्ती रोज तिथे उभी राहणार आहे तिला घेऊन साइटवर जा, खडूने भिंतीवर खुणा करा, फोटो काढा. ओट्याची उंचीही तेव्हाच ठरते. कोपर वाकवून ओट्याच्या वर चार इंच राहील अशी ठेवली की पाठ दुखत नाही.

टाइल कुठली? इथे एक गंमत आहे. सेल्सवाले सांगतात, "डाडोलासुद्धा व्हिट्रिफाइड देतो, अपग्रेड." गरज नाही. भिंतीवर कुणी चालत नाही. साधी सिरॅमिक टाइल मागून सच्छिद्र असते, म्हणून भिंतीला घट्ट धरते, वजनाला हलकी असते, समोरून मुलाम्यामुळे पाणी पीत नाही. डाडोला तीच योग्य. व्हिट्रिफाइड लावायची तर चालते, पण ॲडहेसिव्हनेच. नुसत्या सिमेंटवर लावलेली पाच-सहा वर्षांत सुटायला लागते. जमिनीला मॅट सांगितली, इथे उलट, चकचकीत घ्या. तेलाचे शिंतोडे एका पुसण्यात जातात.

खरा शत्रू टाइल नाही, सांधा. हा हिशेब लिहून घ्या. अठ्ठावीस चौरस फूट म्हणजे २.६ चौरस मीटर. एक बाय दोन फुटांची टाइल लावली तर सांध्यांची एकूण लांबी येते साधारण १३ मीटर. फोटोत दिसतात त्या तीन बाय सहा इंची छोट्या विटांसारख्या टाइल्स लावल्या तर ५२ मीटर. आणि एक इंची मोझॅकची जाळी लावली तर २०० मीटरच्या वर. दोनशे मीटर सांधा, आणि त्यात रोजची हळद!

हळदीचं तर आणखी एक आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू त्याच गुणावर होतं. सिमेंटचं ग्राउट चुन्यासारखंच अल्कधर्मी. म्हणून पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात हळद बसली की ती नुसती पिवळी राहत नाही, लालसर-तपकिरी होते, आणि साबण लावला की आणखीच. म्हणजे घासून घासून आपण भिंतीला कुंकू लावत असतो. (हशा) यावर उपाय एपॉक्सी ग्राउट. ते पाणी पीत नाही, डाग आत जात नाही. फुटामागे महाग आहे, पण अठ्ठावीस फुटांना कितीसं लागणार? डाडोला, सिंकभोवती आणि बाथरूमच्या जमिनीला एपॉक्सी हे नक्की मागा. मात्र लावणारा सराईत हवा. टाइलवर राहिलेलं एपॉक्सी वाळलं की ते काढणं महाकठीण.

ओटा आणि डाडो जिथे मिळतात तो काटकोनातला सांधा मात्र एपॉक्सीनेही भरू नका. ओट्याचा ग्रॅनाइट आणि मागची भिंत वेगवेगळे हलतात, भरलेलं तडकतं, पाणी आत जातं आणि खालच्या ट्रॉल्यांचं प्लाय सडतं. तिथे लवचीक सिलिकॉन. तीन-चार वर्षांनी बदलायचं, खर्च किरकोळ.

रंगीत काच हाही पर्याय आहे, तिला सांधाच नसतो. शेगडीमागे लावायची तर टफन्ड काच हवी, आणि टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणजे सगळे प्लग आधी पक्के हवेत. ग्रॅनाइटच ओट्यावरून भिंतीवर चढवतात तेही उत्तम, फक्त काळा असेल आणि किचनला एकच खिडकी असेल तर दिवसा दिवा लागतो.

शेवटचं, कागद. करारनाम्याच्या परिशिष्टात साधारण असं वाक्य असतं : 'नामांकित कंपनीच्या किंवा समकक्ष व्हिट्रिफाइड टाइल्स.' सगळं 'समकक्ष' या शब्दात आहे. सही करायच्या आधी तिथे आकार, प्रकार, फिनिश आणि ॲडहेसिव्ह लिहून घ्यायचा प्रयत्न करा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार मान्य केलेल्या तपशिलात, फिटिंगमध्ये तुमच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. पण तपशीलच मोघम असेल तर बदल झाला हे दाखवणार कसं? त्याच कलमात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला, मालातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. या पाच वर्षांसाठीच मी म्हणतो की बाथरूम आणि किचनची जमीन त्याच्याकडूनच करा. बहुतेक करारनाम्यांत असं कलम असतं की मालकाने स्वतः तोडफोड केली तर त्या भागाची जबाबदारी आमची नाही. दोन हजारांची टाइल आवडली नाही म्हणून फोडली आणि गळतीचा हक्क घालवला, असं होऊ नये.

आणि जास्तीचे दोन बॉक्स घ्या. दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये चार टाइल्स येतात, साधारण साडेपंधरा फूट. बॉक्सवर शेडचा आणि बॅचचा नंबर असतो. पुढच्या बॅचचा रंग डोळ्याला कळण्याइतका वेगळा येऊ शकतो, आणि दोन वर्षांनी ते डिझाइनच बंद झालेलं असतं.

प्रश्न : बिल्डर बाहेरची टाइल लावू देत नाही. त्याच्याच तीन पर्यायांतून निवडायला सांगतो. काय करावं?

उत्तर : तिघांतली सर्वांत साधी निवडा आणि वाचलेल्या पैशात ॲडहेसिव्ह, एपॉक्सी आणि विजेचे पॉइंट मागा. 'फरशी लावूच नका, पैसे वजा करा' असंही विचारून बघता येतं. काही जण तयार होतात. पण बाथरूम आणि किचनसाठी हे मागू नका.

प्रश्न (ऑनलाइन) : आम्ही न्यू जर्सीत नवीन घर घेतोय. इथे डिझाइन सेंटरमध्ये बॅकस्प्लॅशचे खूप पैसे सांगतात.

उत्तर : तुमची भिंत ड्रायवॉलची, तिथे डाडो नंतर लावणं आमच्याहून सोपं आहे. पण एक करा. तिकडे पुष्कळदा काउंटरच्याच दगडाची चार इंची पट्टी मागे चिकटवून देतात. नंतर टाइल लावायची असेल तर ती पट्टी आत्ताच नको म्हणून सांगा, काढताना भिंत सोलून निघते. प्लगच्या जागा आत्ताच ठरवा. आणि हळद तिकडेही तशीच आहे.

प्रश्न : टाइलवर टाइल लावली तर दरवाजे अडतात का?

उत्तर : टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून बारा-पंधरा मिलिमीटर उंची वाढते. दरवाजे खालून तासावे लागतात. मुख्य दरवाजा आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराचा रूळ आधी मोजा. बाथरूमकडे मात्र फायदा, उंबऱ्याआड बाथरूम आणखी खाली जातं. पण म्हाताऱ्या माणसांना ती पायरी लक्षात राहत नाही, तिथे वेगळ्या रंगाची पट्टी लावा.

प्रश्न : ताबा घेताना टाइल पोकळ आहे हे कसं ओळखायचं? आणि निघाली तर?

उत्तर : सामान यायच्या आधी जा. लाकडी काठीने किंवा नाण्याने प्रत्येक टाइलवर पाच ठिकाणी, चार कोपरे आणि मध्ये, हलकं ठोका. भरीव असेल तर टणक आवाज, पोकळ असेल तर बद्द. कोपऱ्यात जरासा बद्द आला तर लगेच भांडू नका, पण मध्यभागी किंवा अर्ध्या टाइलला आला तर खडूने फुली मारा. फुल्यांचे फोटो, खोलीचं नाव, टाइलची संख्या असं सगळं ताब्याच्या यादीत लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. तो बदलून देईल तेव्हा म्हणेल, "मॅडम, तुमच्याकडचे दोन बॉक्स द्या, शेड जुळेल." आधी त्याच्या गोदामातले मागा.